फेरमोजणीचा अर्ज फेटाळला, तर कोर्टात नेमकं काय सिद्ध करावं लागतं?

मतदारराजा_६२

विधानसभा आणि लोकसभेच्या फेरमतमोजणीवरचे निकाल वाचतोय आणि ते एकमेकांच्या विरुद्ध जाताना दिसतात. राजस्थानात नाथद्वाऱ्याला २००८ मध्ये ६२,२१६ विरुद्ध ६२,२१५ असा एका मताने निकाल लागला, पण ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्टाने याचिकेत लिहिलं होतं तेवढ्यापलीकडे जायला नकार दिला. मुंबई उत्तर पश्चिममध्ये २०२४ ला फरक ४८ मतांचा होता. तिथली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने पुरावा सुरू होण्याआधीच फेटाळली. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पानिपत जिल्ह्यातल्या एका गावच्या सरपंचपदासाठी सुप्रीम कोर्टाने ईव्हीएम दिल्लीला मागवून स्वतःच्या आवारात मोजून घेतल्या, आणि निकाल फिरला.

माझे प्रश्न असे:
१) मतमोजणी केंद्रावर अर्ज कधी आणि कोणी द्यायचा? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने नाही म्हटलं तर पुढे काय?
२) कोर्ट फेरमोजणी कशावर देतं? फरक अगदी थोडा असणं पुरेसं आहे का?
३) व्हीव्हीपॅटच्या (ईव्हीएमला जोडलेल्या यंत्रातल्या छापील) चिठ्ठ्या मोजून मागता येतात का?

कलमांसकट लिहिलंत तर बरं. "कोर्टात जा" एवढं उत्तर नको आहे.

काउंटिंग_टेबल_१४

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. याचिका कोर्टात गेल्यावर हरते असं वाटतं, पण ती बहुतेक वेळा मोजणीच्या दिवशीच हरलेली असते.

आधार आहे निवडणूक संचालन नियम, १९६१ मधला नियम ६३. मोजणी संपली की आरओ (निवडणूक निर्णय अधिकारी) नमुना २० म्हणजे निकालपत्रकामध्ये प्रत्येक उमेदवाराची एकूण मतं भरतो आणि ती वाचून दाखवतो. इथून अर्जाची खिडकी उघडते. उमेदवार लेखी अर्ज देऊ शकतो. तो हजर नसेल तर त्याचा निवडणूक प्रतिनिधी किंवा कोणताही मतमोजणी प्रतिनिधी देऊ शकतो. फेरमोजणी सगळ्या मतांची मागता येते किंवा काही भागाची, पण कारणं लिहावीच लागतात. आरओने नमुना २० वर सही केली की खिडकी बंद. त्यानंतरचा अर्ज घेताच येत नाही, असं नियमात स्पष्ट लिहिलंय. आकडे वाचल्यावर उमेदवारांना अर्जासाठी वाजवी संधी दिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही, हेही त्याच नियमात आहे. ही "वाजवी संधी" प्रत्यक्षात काही मिनिटांची असते. अर्जाचा मसुदा आधी तयार नसेल तर ती मिनिटं वकिलाला फोन लावण्यात जातात.

आरओसमोर तीन वाटा असतात: अर्ज पूर्ण मंजूर करणं, अंशतः मंजूर करणं, किंवा उथळ वा अवास्तव म्हणून फेटाळणं. कोणताही निर्णय लेखी आणि कारणांसहित हवा. तोंडी "नाही" ऐकून परत फिरू नका. लेखी आदेश मागा. देत नसतील तर "अर्ज अमुक वाजता दिला, लेखी आदेश मिळाला नाही" असं दुसरं पत्र देऊन त्याची पोच घ्या. निवडणूक निरीक्षक तिथे असतात, एक प्रत त्यांनाही द्या.

अर्जात "मोजणीत गोंधळ झाला, शंका आहे" असं लिहू नका. असं वाक्य कोर्टात काडीचं कामाला येत नाही. मतदान केंद्राचा क्रमांक, फेरी, टेबल, कंट्रोल युनिटचा (ईव्हीएमचा मतं साठवणारा भाग) क्रमांक, नमुना १७-सी (केंद्रावर पडलेल्या मतांचा हिशेब) मधला आकडा आणि मशीनवर दिसलेला आकडा हे सगळं लिहा.

त्यासाठी मुळात नमुना १७-सी हातात हवा. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष त्याचा भाग एक भरतो आणि त्याची प्रत हजर असलेल्या मतदान प्रतिनिधींना देणं त्याला बंधनकारक आहे (नियम ४९एस). संध्याकाळी सहानंतर प्रतिनिधी घरी निघून जातात, प्रत घेतच नाहीत. तिथेच निम्मा पुरावा हातचा जातो. मोजणीच्या दिवशी टेबलावरच्या प्रतिनिधीकडे आपल्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक केंद्राची ही प्रत असायला हवी. सील फोडण्याआधी कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि सीलचे क्रमांक जुळवायचे, मग एकूण मतं, मग उमेदवारनिहाय आकडे. भाग दोनवर प्रतिनिधीची सही घेतात. आकडा चुकीचा वाटत असेल तर सही करण्याआधी हरकत लेखी द्या. सही करून नंतर घेतलेल्या हरकतीला वजन राहत नाही.

ईव्हीएममध्ये बेरीज मशीन करतं, मग चूक होते कुठे? मुख्यतः चार ठिकाणी:

– मॉक पोलची, म्हणजे मतदानाआधीच्या चाचणी मतदानाची, मतं पुसायची राहून जातात. किमान ५० मतांचा मॉक पोल असतो. तो "क्लिअर" केला नाही तर एकूण आकडा १७-सी पेक्षा जास्त येतो.
– मशीनवरचा आकडा १७-सी भाग दोनमध्ये उतरवताना दोन उमेदवारांच्या ओळींची अदलाबदल होते.
– भाग दोनमधून फेरीच्या तक्त्यात आणि तिथून नमुना २० मध्ये जाताना चूक होते. एखादं केंद्र दोनदा धरलं जातं किंवा राहून जातं.
– टपाली मतपत्रिका.

पहिल्या प्रकारात आयोगाच्या सूचना अशा आहेत: मॉक पोल पुसलेला नाही किंवा आकडा १७-सी शी जुळत नाही ते मशीन बाजूला ठेवायचं. शेवटी विजयाचा फरक अशा केंद्रांवरच्या एकूण मतांइतका किंवा त्याहून कमी असेल, तर त्या केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायच्या. फरक मोठा असेल तर ते मशीन मोजणीत येतच नाही. म्हणून कोणती मशीन बाजूला ठेवली त्यांची यादी स्वतःकडे हवी.

टपाली मतांकडे लोकांचं दुर्लक्ष होतं, आणि चुरशीची जागा तिथेच फिरते. मुंबई उत्तर पश्चिमचं उदाहरण घ्या. ईव्हीएमच्या मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४, म्हणजे कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मतं १,५०१ आणि १,५५० धरल्यावर वायकर ४८ मतांनी निवडून आले. बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर निकाल जाहीर करण्याआधी बाद केलेली सगळी टपाली मतं आरओने निरीक्षकासमोर पुन्हा तपासायची आणि त्याचं चित्रीकरण करायचं, अशी आयोगाची सूचना आहे. ही तपासणी मागून मिळणारी नाही, ती करावीच लागते. नमुना १३-ए (घोषणापत्र) नाही, त्यावर साक्षांकन नाही, घोषणापत्रावरचा मतपत्रिकेचा क्रमांक १३-बी पाकिटावरच्या क्रमांकाशी जुळत नाही, अशा कारणांनी मतं बाद होतात. तुमचा सगळ्यात बारीक नजरेचा माणूस टपाली मतांच्या टेबलावर बसवा. बहुतेक जण नवख्याला तिथे धाडतात.

एक गोष्ट राहिली. दोघांना सारखी मतं पडली तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६५ प्रमाणे चिठ्ठी टाकतात. फेरमोजणीचा अर्ज चिठ्ठी टाकण्याआधी द्या.

कलम_८१

वरचं सगळं बरोबर. आता दुसरा प्रश्न.

निकाल जाहीर झाला की आरओच्या हातात काही उरत नाही. रिट याचिकाही चालत नाही, कारण घटनेचा अनुच्छेद ३२९(ख) आडवा येतो. पोन्नुस्वामी खटल्यापासून (१९५२) हे ठरलेलं आहे. एकच मार्ग उरतो: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ खाली उच्च न्यायालयात निवडणूक याचिका. मुदत निकालाच्या तारखेपासून ४५ दिवस. उशीर माफ करण्याची तरतूद इथे लागू होत नाही, त्यामुळे "प्रकृती बरी नव्हती, कागद मिळाले नाहीत" हे काही चालत नाही. प्रमाणित प्रती मिळायची वाट बघू नका. अर्ज केल्याची पोच जोडा आणि दाखल करा.

याचिका कशी पडते, ते आधी सांगतो. कलम ८६(१) म्हणतं की कलम ८१, ८२ किंवा ११७ पाळलं नसेल तर उच्च न्यायालय याचिका फेटाळेल. न्यायाधीशाला तिथे पर्यायच नाही.

– याचिका अर्जदाराने स्वतः रजिस्ट्रीत हजर राहून द्यायची. फक्त वकिलाने नेऊन दिलेली याचिका २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने (जी. व्ही. श्रीराम रेड्डी प्रकरण) ग्राह्य धरली नाही.
– प्रतिवादी जितके, तितक्या प्रती. प्रत्येक प्रतीवर अर्जदाराने स्वतःच्या सहीने "खरी प्रत" म्हणून साक्षांकन करायचं.
– फक्त निवड रद्द करून मागत असाल तर निवडून आलेला उमेदवार प्रतिवादी. "मला विजयी घोषित करा" असंही मागत असाल तर लढलेले सगळे उमेदवार प्रतिवादी, दोनशे मतं घेतलेला अपक्षसुद्धा. एक नाव सुटलं की याचिका गेली. उलट आरओ किंवा निवडणूक आयोगाला प्रतिवादी करायचं नसतं. ज्योती बसू प्रकरणात (१९८२) कोर्टाने तेच सांगितलं.
– कलम ११७ ची अनामत २,००० रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण ती याचिकेसोबतच भरावी लागते.

हे सगळं पार पडलं की खरा प्रश्न येतो. राम सेवक यादव विरुद्ध हुसेन कामिल किदवई (१९६४) हा पायाभूत निकाल. मतपत्रिका उघडण्यासाठी दोन अटी आहेत. एक, याचिकेत महत्त्वाची तथ्यं पुरेशी मांडलेली असली पाहिजेत. दोन, वाद न्यायाने सोडवायला तपासणी गरजेची आहे असं कोर्टाला प्रथमदर्शनी पटलं पाहिजे. "आधी उघडा, मग काय सापडतं ते बघू" याला कोर्ट परवानगी देत नाही, कारण मतदानाची गुप्तता हेही कायद्यानेच जपलेलं मूल्य आहे. भाभी विरुद्ध शिव गोविंद (१९७५) मध्ये याच अटी आणखी ठळक झाल्या.

फरक थोडा असणं पुरेसं नाही. चंद्रिका प्रसाद यादव प्रकरणात (२००४) सुप्रीम कोर्टाने ते सरळ सांगितलंय. फरक थोडा असेल तर सिद्ध झालेल्या चुकीचं वजन वाढतं, कारण कलम १००(१)(घ) प्रमाणे निकालावर "मोठा परिणाम" झाल्याचं दाखवावं लागतं. ४८ मतांच्या फरकात ६० मतांची चूक निर्णायक असते, चाळीस हजारांच्या फरकात ती काहीच नसते. पण चूक आधी दाखवावी लागते.

सगळ्यात उपयोगी निकाल माझ्या मते पी. के. के. शमसुद्दीन (१९८९). तिथे फेरमोजणी होऊन गेली होती आणि आकडे बदललेही होते. तरी सुप्रीम कोर्ट म्हणालं की फेरमोजणीचा आदेश योग्य होता का, हे फेरमोजणीत काय निघालं त्यावरून ठरत नाही. आदेश देताना कोर्टासमोर काय होतं, तेवढंच बघायचं. तुम्हाला जो विरोधाभास दिसतोय त्याची किल्ली इथे आहे. कोर्ट आधी "आकडा चुकला असेल का" हे विचारत नाही, "उघडून बघायला कारण दिलंय का" हे विचारतं.

त्या नजरेने तुमची तीन उदाहरणं बघा.

नाथद्वारा (कल्याण सिंह चौहान विरुद्ध सी. पी. जोशी, २०११): वाद प्रदत्त मतांचा होता, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणीतरी मत देऊन गेलं म्हणून खऱ्या मतदाराला दिलेल्या मतपत्रिकांचा. याचिकेत ज्या प्रदत्त मतांबद्दल तथ्यं मांडलीच नव्हती, त्यांच्यावर मुद्दा काढायला कोर्टाने नकार दिला.

मुंबई उत्तर पश्चिम: ३३३ प्रदत्त मतांचा मुद्दा होता. डिसेंबर २०२४ मध्ये याचिका फेटाळली गेली, कारण त्या मतांमुळे निकालावर परिणाम कसा झाला याची ठोस तथ्यं याचिकेत नव्हती. अझर हुसेन विरुद्ध राजीव गांधी (१९८६) पासून नियम आहे की एक महत्त्वाचं तथ्य सुटलं तरी याचिका उंबरठ्यावरच पडू शकते.

पानिपत (बुआना लाखू): तिथे वाद एका ठरावीक केंद्राचा, क्रमांक ६९ चा होता. स्थानिक न्यायाधिकरणाने त्या केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश दिला होता, उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सुप्रीम कोर्टाने मग ६५ ते ७० अशा सगळ्या केंद्रांची मोजणी ६ ऑगस्ट २०२५ रोजी दोन्ही बाजूंसमोर, चित्रीकरणासह करून घेतली. एकूण ३,७६७ मतांपैकी १,०५१ आणि १,००० असे आकडे निघाले आणि आधी हरलेला उमेदवार निवडून आला. निवडणूक झाली होती २ नोव्हेंबर २०२२ ला. म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षं गेली. मला हे फार खटकतं. कलम ८६(७) उच्च न्यायालयाला सहा महिन्यांत सुनावणी संपवायचा प्रयत्न करायला सांगतं, पण ते पाळलं जाताना क्वचित दिसतं.

आणि निवडून आलेल्याच्या बाजूने असाल तर कलम ९७ विसरू नका. हरलेला उमेदवार "मला विजयी घोषित करा" म्हणत असेल आणि त्याच्या खात्यातही चुकीची मतं आहेत असं तुमचं म्हणणं असेल, तर सुनावणी सुरू झाल्यापासून १४ दिवसांत रिक्रिमिनेशनची (उलट आरोपाची) नोटीस आणि अनामत द्यावी लागते. जबर सिंग विरुद्ध गेंदालाल (१९६४) नुसार ती दिली नसेल तर त्याच्या खात्यातल्या मतांवर तुम्हाला बोलता येत नाही. अशा वेळी फेरमोजणी एकाच बाजूने होते आणि जिंकलेला माणूस स्वतःच्या हाताने जागा घालवतो.

मतदारराजा_६२

शमसुद्दीनचा मुद्दा नवीन होता, आता बरंच उलगडलं. प्रदत्त मतांबद्दल अजून एक विचारतो. ती मोजणीच्या दिवशी का मोजत नाहीत? आणि व्हीव्हीपॅटचं राहिलं.

चिठ्ठी_आणि_बटण

प्रदत्त मत (नियम ४९पी) कागदी मतपत्रिकेवर घेतात, वेगळ्या पाकिटात बंद करतात आणि नमुना १७-बी मध्ये नोंदवतात. आरओला ते उघडायचा अधिकार नाही, फक्त कोर्ट उघडू शकतं. ईव्हीएममध्ये अडचण अशी की कोणत्या मतदाराने कोणतं बटण दाबलं हे शोधता येत नाही. कागदी मतपत्रिकांच्या काळात कोर्टाच्या आदेशाने क्रमांकावरून तोतयाचं मत बाहेर काढता यायचं. आता खऱ्या मतदाराचं प्रदत्त मत मिळवता येईल, पण तोतयाने दिलेलं मत नेमकं कोणाच्या खात्यातून वजा करायचं? म्हणून नुसती प्रदत्त मतांची संख्या सांगून भागत नाही. प्रत्येक नोंद, केंद्र, अनुक्रमांक आणि त्या मतदाराची साक्ष उभी करावी लागते.

व्हीव्हीपॅटचे चार वेगळे प्रकार आहेत आणि चर्चेत ते एकात मिसळले जातात.

पहिला, प्रत्येक विधानसभा मतदारसंघात (लोकसभेला प्रत्येक विधानसभा विभागात) चिठ्ठी टाकून निवडलेल्या पाच केंद्रांची सक्तीची मोजणी. ही ८ एप्रिल २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने आली. ती मागावी लागत नाही.

दुसरा, बाजूला ठेवलेल्या मशीनचा. तो वर आलाच आहे.

तिसरा, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर: नियम ५६डी. निकालाचे आकडे वाचल्यावर कोणत्याही केंद्राच्या वा केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून मागण्याचा लेखी अर्ज करता येतो. आरओ कारणं देऊन मंजूर करतो किंवा फेटाळतो. चिठ्ठ्या मोजल्या आणि आकडा मशीनपेक्षा वेगळा निघाला तर चिठ्ठ्यांचा आकडा ग्राह्य धरून नमुना २० दुरुस्त होतो. नियम ६३ चा अर्ज आणि ५६डी चा अर्ज वेगवेगळे लिहा. एकात दोन्ही घुसवले की आरओ एकाच ओळीत दोन्ही फेटाळतो. तफावत दिसली तर आधी मॉक पोलच्या चिठ्ठ्या तपासा. त्यांच्या मागे शिक्का मारून, काळ्या पाकिटात बंद करून त्या वेगळ्या ठेवायच्या असतात. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या पडतात त्या ड्रॉप बॉक्समध्ये राहून गेल्या तर खऱ्या चिठ्ठ्यांत मिसळतात.

चौथा, २६ एप्रिल २०२४ च्या एडीआर (असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था) प्रकरणातून आलेला. शंभर टक्के चिठ्ठ्या मोजायची मागणी सुप्रीम कोर्टाने फेटाळली. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला निकालापासून सात दिवसांत लेखी अर्ज करून विधानसभा मतदारसंघातल्या ५ टक्के मशीनच्या मायक्रोकंट्रोलरची (आतल्या चिपची) तपासणी मागता येते. खर्च अर्जदाराचा, छेडछाड सिद्ध झाली तर परत. २०२४ मध्ये आयोगाने दर एका संचाला ४०,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी असा ठेवला होता. ही फेरमोजणी नाही. मशीनशी छेडछाड झाली का हे तपासायची ती सोय आहे, त्यातून तुमच्या मतांचा आकडा बदलत नाही. बरेच उमेदवार हे पैसे भरून निश्चिंत होतात आणि ४५ दिवस हातातून जातात.

सीसीटीव्हीचंही तसंच. आयोगाच्या ३० मे २०२५ च्या पत्रानुसार याचिका दाखल नसेल तर चित्रीकरण ४५ दिवसांनंतर ठेवलं जात नाही. कोणत्या खोलीचं, कोणत्या टेबलाचं, कोणत्या वेळेचं चित्रीकरण जपायचं हे याचिकेतच लिहून पहिल्याच तारखेला आदेश मागा.

तालुका_दिवाणी

वरची सगळी चर्चा लोकसभा-विधानसभेची आहे. हा धागा ग्रामपंचायत-नगरसेवकांचे उमेदवारही वाचणार म्हणून लिहितो. ४५ दिवस तुम्हाला लागू नाहीत.

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीसाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १५: निकालापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्याकडे अर्ज. उमेदवाराबरोबर तिथे मत द्यायला पात्र असलेली व्यक्तीही अर्ज करू शकते. मतांची छाननी आणि मोजणी करून ज्याला सर्वाधिक वैध मतं त्याला निवडून आल्याचं घोषित करण्याचा अधिकार त्याच कलमात न्यायाधीशाला दिलाय. ते वाचून लोकांना वाटतं की अर्ज केला की मोजणी होणारच. होत नाही. वर सांगितलेल्या अटी इथेही बघितल्या जातात, शमसुद्दीन प्रकरण मुळात पंचायतीच्याच निवडणुकीचं होतं. महानगरपालिकेला मुदत आणखी कमी, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १६ खाली १० दिवस. त्यात शनिवार-रविवार आणि मिरवणुका धरल्या तर हातात आठवडाही राहत नाही.

या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो आणि इथल्या मशीनना व्हीव्हीपॅट जोडलेलं नसतं. त्यामुळे ५६डी नाही, मोजायला चिठ्ठ्या नाहीत. पुरावा म्हणजे कंट्रोल युनिटमधला आकडा, केंद्राध्यक्षाचा हिशेब आणि मोजणीचा तक्ता. म्हणून अर्जासोबतच अंतरिम अर्ज द्या: संबंधित प्रभागाची कंट्रोल युनिट पुसू नयेत, दुसऱ्या निवडणुकीला वापरू नयेत, सीलबंद ठेवावीत. मशीन तहसील कार्यालयाच्या गोदामातून पुढच्या निवडणुकीला गेली आणि माहिती पुसली गेली की कोर्टाने फेरमोजणी मंजूर करूनही मोजायला काही नसतं. बुआना लाखूला पावणेतीन वर्षांनी मोजणी होऊ शकली ती मशीनमधली मतं शाबूत होती म्हणून.

आणि मुंबई महापालिकेच्या फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीतला प्रभाग २२० आठवा. दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि निकाल चिठ्ठीवर गेला. अशा प्रभागात एका केंद्राच्या हिशेबाची प्रत कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, यावर दहा दिवसांत लिहायच्या अर्जाचं सगळं ठरतं.